नाम, संबोधन आणि निर्वासिताचे स्वत्व

१९४७ च्या फाळणीवरील कथावाङ्‌मयाची चर्चा बहुधा घटनांच्या भीषणतेपाशीच थांबते. कत्तल व अपहरण यांच्या वर्णनावरून कथेची तीव्रता ठरविली जाते. परंतु निर्वासिताचे स्वत्व नेमके कोठे हरवते, याचा उलगडा त्यातून होत नाही. दोन उर्दू कथा तो भाषेच्या पातळीवर करतात.

सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेकसिंग’ या कथेत लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातील शीख रुग्णांना भारतात धाडावयाचे आहे. बिशनसिंग आपले गाव कोणत्या देशात गेले एवढेच विचारतो. त्याची बडबड निरर्थक मानली जाते. पण तिची रचना पाहण्यासारखी आहे. वाक्याचा सांगाडा स्थिर राहतो आणि अखेरची जागा तेवढी बदलते : तेथे आधी कंदील असतो, मग पाकिस्तान सरकार येते, शेवटी टोबा टेकसिंग सरकार. अर्थ लोपलेल्या भाषेतही स्वामित्वाचा प्रश्न अशा रीतीने जिवंत राहतो. अखेरीस दोन सीमांमधील अनाम भूमीवर तो कोसळतो, तेव्हा ग्रामनाम आणि व्यक्तिनाम एकच होतात. त्याला केवळ ‘फाळणीचे प्रतीक’ म्हणणारी समीक्षा मात्र त्याचे नाव दुसऱ्यांदा हिरावून घेते.

राजिंदरसिंग बेदी यांच्या ‘लाजवंती’त हानीचे स्वरूप उलट आहे. अपहृत स्त्रियांना पुन्हा मनात स्थान द्यावे, असा प्रचार सुंदरलाल करतो. स्वतःची पत्नी परत येताच तो तिला ‘देवी’ म्हणू लागतो. पूर्वी तो तिला मारीत असे, आता पूजितो. मात्र तिला आपली हकीकत सांगावयाची असते, आणि तो ती पुरी ऐकून घेत नाही. आदरार्थी संबोधन येथे मौन लादण्याचे साधन ठरते. अपहृतांच्या परतीसाठी भारतात १९४९ मध्ये कायदा झाला. परंतु परतलेल्या स्त्रीला पूर्वीच्याच नावाने हाक मारणे कायद्याच्या आवाक्यातले नव्हते.

बेदींच्या कथेवर एक आक्षेप मात्र घ्यावा लागतो. लाजवंतीची न सांगितलेली हकीकत निवेदकही वाचकांपुढे ठेवीत नाही. हा संयम की तिच्या मौनातील सहभाग? तिची वेदना सुंदरलालच्या कानी न पडताही वाचकाला जाणवते, म्हणून तो संयम मानणेच न्याय्य होय. तथापि हा निर्णय संहितेतील संबोधनांच्या सूक्ष्म वाचनावर आधारला पाहिजे; करुणेच्या भरात तो घेता येणार नाही.