अणुवीजकेंद्राची अखेर : नियोजनाचा प्रश्न

भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणीसारखी खाण चालू असतानाच ती पुढे कशी बंद करावयाची याची योजना सादर करावी लागते. खनिजविषयक नियमांत २००३ साली झालेल्या दुरुस्तीने त्यासाठी आर्थिक हमीचेही बंधन घातले.

१९६९ साली वीजनिर्मिती सुरू केलेल्या तारापूरच्या अणुवीजकेंद्राला मात्र असे बंधन दीर्घकाळ नव्हते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१२ च्या अहवालानुसार देशातील एकाही अणुवीजकेंद्राजवळ ते मोडीत काढण्याची योजना नव्हती. वीजग्राहकाकडून त्यासाठी प्रतियुनिट २ पैसे आकार घेतला जात असे. परंतु १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमात अशा निधीची तरतूदच नव्हती.

विलंबाच्या समर्थनार्थ एक शास्त्रीय युक्तिवाद केला जातो. अणुभट्टीच्या पोलादात उत्पन्न होणाऱ्या कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे ५.३ वर्षे असल्याने ५० वर्षांत त्याचा किरणोत्सर्ग मूळच्या सुमारे सातशेव्या अंशावर येतो. हा युक्तिवाद खरा असला तरी अपुरा आहे. त्याच पोलादातील निकेल-६३ चे अर्धायुष्य सुमारे १०० वर्षे आहे. शिवाय कोणत्या नळीत काय साचले आहे हे जाणणारा कामगार किरणोत्सर्ग ओसरण्यापूर्वीच निवृत्त होतो. कचऱ्याचे मोजमाप, साठवणीची जागा आणि पैसा हे आधी निश्चित केले असेल तरच थांबणे ही योजना ठरते. एरवी ती केवळ चालढकल होय.

तात्पर्य, खाणीला लावलेला न्याय अणुभट्टीला नाकारण्यास तात्त्विक आधार नाही.