सायनसचा सीटी : प्रश्न कोणता, चित्र कोणते?

परभणीत काय किंवा जिंतूर-गंगाखेडात काय, सर्दी लांबली आणि कपाळ जड झाले की ‘सायनस झाला’ असे आपण म्हणतो. खरे पाहता सायनस प्रत्येकालाच असतात. नाकाभोवतीच्या हाडांतील हवेने भरलेल्या पोकळ्या म्हणजे सायनस. गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि खोल मागे अशा त्यांच्या चार जोड्या असतात. त्यांच्या अस्तराला सूज येऊन निचऱ्याची वाट बुजली, की आजार होतो. ही वाट पाहण्यासाठी सीटी स्कॅन काढतात. सीटीच्या पद्धती अनेक आहेत. त्यांतली सर्वांत चांगली कोणती, असे पालक आणि शिक्षकही विचारतात. आमच्या मते हा प्रश्नच अपुरा आहे.

एक भोपळी मिरची घ्या आणि तिच्यामागे बॅटरी धरा. आतल्या पडद्यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. साधा क्ष-किरण फोटो असाच असतो. डोळ्यांमधल्या बारीक पोकळ्या त्यात नीट ओळखू येत नाहीत. आता मिरची आडवी कापा, कप्पे वेगळे दिसतील. दुसरी मिरची उभी कापा, कप्पे देठाशी कसे मिळतात ते कळेल. सीटी हेच काम न कापता करते. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या डोक्याचे असे काप दाखवले.

सायनसची निचऱ्याची वाट चेहऱ्याला समांतर कापांत उत्तम दिसते. शस्त्रक्रिया करणाऱ्यालाही दुर्बिणीतून साधारण तशीच रचना दिसते. पूर्वी हे काप थेट घेण्यासाठी रुग्णाला पालथे झोपवून मान मागे ताणावी लागे. म्हाताऱ्यांना ते जमत नसे, आणि दातांत भरलेल्या धातूमुळे चित्रावर रेघोट्या उमटत. आता रुग्ण उताणा झोपतो. यंत्र एक मिलिमीटरहून पातळ आडवे काप घेते आणि त्यांतून संगणक हवे ते काप रचतो. मात्र मूळ काप जाड असतील तर रचलेले चित्र पायऱ्या-पायऱ्यांचे होते. म्हणजे यंत्र नवे असूनही चित्र कामाचे नसू शकते.

दंतवैद्यांकडे शंकूच्या आकाराचा किरणझोत वापरणारा सीटी असतो. त्यात हाड स्पष्ट दिसते आणि किरणांची मात्राही सहसा कमी लागते. परंतु मऊ ऊतींतला फरक त्यात नीट कळत नाही. नेहमीच्या सीटीतही मात्रा कमी करता येते, कारण हवा आणि हाड यांतला फरक फार मोठा असतो. जुनाट सायनसविकारात केवळ वाट पाहायची असेल, तर डोळ्यांवर गरजेपेक्षा जास्त किरण पाडणे हा आम्हाला दोष वाटतो.

पण मोठी चूक यंत्राची नव्हे, वेळेची असते. १९९४ साली अमेरिकेत साधी सर्दी झालेल्या ३१ जणांचे सीटी काढले गेले. त्यांपैकी ८७ टक्क्यांच्या गालाच्या पोकळ्यांत बिघाड दिसला. सुमारे दोन आठवड्यांनी १४ जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ११ जणांत तो प्रतिजैविकांशिवाय नाहीसा किंवा बराच कमी झाला होता. सर्दीच्या पहिल्या आठवड्यात काढलेले चित्र खरे असते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरू शकतो.

याच्या उलट अनुभव २०२१ साली महाराष्ट्राने घेतला. कोविडनंतर म्युकरमायकोसिस इतका पसरला, की मे महिन्यात केंद्राने तो साथरोग कायद्याखाली नोंदवण्यास राज्यांना सांगितले. मधुमेह आणि स्टेरॉइड ही त्याची मोठी कारणे होती. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या वाटेने सरकते. हाड झिजण्याआधीच ती डोळ्याकडे गेलेली असू शकते. सुरुवातीच्या सीटीत अस्तराची सूज तेवढी दिसते, साध्या सर्दीत दिसते तशीच. डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूकडे झालेला शिरकाव पाहण्यासाठी एमआरआय सरस ठरतो. खात्री मात्र नाकातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होते. मधुमेह्याचा गाल बधिर झाला, पापणी सुजली, एकाचे दोन दिसू लागले, तर ‘सीटीत विशेष काही नाही’ या शब्दांवर घरी बसणे म्हणजे डोळा किंवा जीव धोक्यात घालणे होय. नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला जायचे असेल, तर त्याच दिवशी निघावे.

मिरचीचा प्रयोग वर्गात जरूर करावा. कोणता काप चांगला, असे मात्र मुलांना विचारू नये. काय पाहायचे आहे, ते आधी विचारावे. दवाखान्यातही हाच क्रम ठेवावा आणि डॉक्टरांना विचारावे : या चित्राने उपचारात काय बदलणार आहे?