फोटो पुष्कळ, हिशेब कोठे?

आपल्या समाजातील एका सेवाभावी मंडळाचे फेसबुकवरील पान आम्ही परवा एका बैठकीत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. मंडळाचे नाव येथे देत नाही. एक तर तेथे राबणारी माणसे आमचीच आहेत, आणि दुसरे म्हणजे जे तेथे दिसले ते थोड्याफार फरकाने पुष्कळ ठिकाणी दिसते. हारतुरे, शाल, व्यासपीठावरची रांग, जेवणाची पंगत, अध्यक्षांचे भाषण आणि पुन्हा हारतुरे. सणाआधी एक विनंती : 'गरजू कुटुंबांना मदत करा.' सणानंतर एक फोटो : एका वृद्ध बाईच्या हातात किराण्याची पिशवी आणि तिच्याभोवती हसतमुखाने उभे असलेले पाच पदाधिकारी. ती बाई मात्र कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती. पैसे किती जमले, किती घरांत मदत पोहोचली, कोणती गरज भागली आणि कोणती राहिली, याविषयी वर्षभरात एक ओळही आम्हांस सापडली नाही.

मंडळाच्या चिटणीसांशी आमचे बोलणे झाले. 'अहो, फेसबुक-व्हॉट्सॲपवर कितीही टाका, कोणी ढुंकून पाहत नाही. तरुणांना समाजाचे काही पडलेले नाही,' असे ते म्हणाले. तरुणांवरचा हा आरोप आम्हांस मान्य नाही. दोष माध्यमाचा, वाचणाऱ्याचा की मजकुराचा, हे ठरवायचे तर दोन गाजलेल्या मोहिमा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्ही अमेरिकेतील संस्थांसाठी झाल्या, दोन्ही कोट्यवधी लोकांपर्यंत गेल्या. पण दोहोंचे फळ वेगळे.

पहिली मोहीम 'कोनी २०१२'. ५ मार्च २०१२ रोजी 'इन्व्हिजिबल चिल्ड्रन' या संस्थेने या नावाचा सुमारे ३० मिनिटांचा चित्रपट इंटरनेटवर ठेवला. मुले पळवून त्यांच्या हाती बंदुका देणारा युगांडाचा बंडखोर जोसेफ कोनी याला पकडावे, हा त्याचा विषय. सहा दिवसांत तो १० कोटी वेळा पाहिला गेला. चित्रपटाची बांधणी कसबी आहे, हे मान्य केले पाहिजे. दिग्दर्शक जेसन रसेल आपल्या लहान मुलाला 'वाईट माणूस कोण' हे समजावून देतो आणि पाहणाऱ्यालाही सारे तितकेच सोपे वाटू लागते. खोट नेमकी तेथेच आहे. कोनीची टोळी २००६ च्या सुमारासच युगांडा सोडून गेली होती. ही गोष्ट चित्रपटात जाता जाता येते. युगांडातील लिरा गावी तो मोठ्या पडद्यावर दाखविला, तेव्हा ज्यांनी ते हाल सोसले होते तेच प्रेक्षक संतापले आणि दगडफेक झाली. आपल्या दुःखाची ही अशी जाहिरात त्यांना ओळखू आली नाही.

आणि पाहणाऱ्याने करायचे काय? चित्रपट पुढे पाठवायचा, हातातील कडे व पोस्टरे विकत घ्यायची आणि २० एप्रिलच्या रात्री ती पोस्टरे शहरभर लावायची. ती रात्र आली तेव्हा कोट्यवधी प्रेक्षकांपैकी फारच थोडे घराबाहेर पडले. मधल्या काळात संस्थेच्या जमाखर्चावर बोटे उठली होती आणि उत्तरे देता देता तिची दमछाक झाली होती. २०१७ साली अमेरिका व युगांडा यांनी शोधमोहीम आवरती घेतली, तेव्हाही कोनी मोकळाच होता.

दुसरी मोहीम २०१४ च्या उन्हाळ्यातील, डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची. वाचकांना ती आठवत असेल. ए.एल.एस. या रोगात स्नायू चालविणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. हातपाय, बोलणे, शेवटी श्वासही जातो. हा रोग जडलेले पीट फ्रेट्स आणि पॅट क्विन हे दोन तरुण या मोहिमेच्या अग्रभागी होते. नियम दोन ओळींचे : पाणी ओतून घ्या किंवा देणगी द्या, आणि तीन जणांची नावे घ्या, त्यांना मुदत २४ तासांची. प्रथमदर्शनी पोरखेळ! आम्हीही तेव्हा नाक मुरडले होते. पुष्कळांनी पाणी ओतले आणि पैसा दिला नाही, पाण्याची नासाडी झाली, हेही खरे. हैदराबादेत तर एका पत्रकार भगिनीने 'पाणी कशाला, गरजूला बादलीभर तांदूळ द्या' अशी देशी आवृत्ती काढली. ती आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. तरीही अमेरिकेच्या ए.एल.एस. असोसिएशनकडे काही आठवड्यांत ११ कोटी ५० लाख डॉलर आले.

आमच्या मते खरे कौतुक त्यापुढे आहे. संस्थेने या पैशाची विभागणी जाहीर केली : ७ कोटी ७० लाख संशोधनाला, २ कोटी ३० लाख रुग्णसेवेला, १ कोटी शिक्षणाला, उरलेले निधी उभारण्याला व व्यवहाराच्या खर्चाला. २०१६ साली या पैशाच्या साह्याने चाललेल्या संशोधनातून रोगाशी संबंध असलेले एक जनुक सापडले, तेही देणाऱ्यांना कळविले. ज्या औषधाच्या संशोधनाला या निधीतून मदत झाली त्याला सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढील मोठ्या चाचणीत त्याचा गुण दिसला नाही, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. फ्रेट्स २०१९ साली गेले, क्विन २०२० साली. म्हणजे यशाबरोबर अपयशही उघड्यावर मांडले गेले आणि त्यामुळे संस्थेची पत गेली नाही. नव्याचे नऊ दिवस संपले, पाण्याचा खेळ पुढच्या वर्षी रंगला नाही. पण हिशेब राहिला.

दोन्हींत फरक काय? कोनीच्या चित्रपटाने मोठी भावना दिली आणि हातात पोस्टर दिले. बर्फाच्या बादलीने लहान, नेमके, आजच उरकता येणारे काम दिले आणि नंतर त्या पैशाचे काय झाले ते सांगितले. आपल्या मंडळांनी यातील बादली उचलू नये; हिशेब उचलावा.

माध्यमाचा स्वभावही समजून घेतला पाहिजे. फेसबुक पानावरचा मजकूर पानाच्या सर्व अनुयायांना दाखविला जात नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने संस्थांच्या मजकुरापेक्षा आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले. ज्यावर माणसे बोलतात, उत्तरे देतात, तेच पुढे जाते. हारतुऱ्यांच्या फोटोवर बोलायचे तरी काय? व्हॉट्सॲपवरही २०१९ पासून एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येत नाही. तेव्हा 'सर्वांना पाठवा' हा हुकूम फारसा कामाचा नाही. नात्यातील एका माणसाने दुसऱ्याला नाव घेऊन लिहिले, तर ते वाचले जाते. आणि ज्या आजी-आजोबांना अक्षर लागत नाही त्यांच्यासाठी मराठीत बोललेला निरोप, नातवंडांसाठी तोच मजकूर हिब्रूत, एवढी तसदी घेतलीच पाहिजे. ज्यांच्या हाती तसा फोनच नाही, त्यांच्यासाठी सिनेगॉगच्या फळ्यावरचा कागद काढून टाकू नये.

इस्रायलमध्ये तर लपविण्याची सोयही नाही आणि गरजही नाही. नोंदलेल्या अमुतांची माहिती गाईडस्टार या खुल्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. निबंधकांकडून 'निहुल ताकिन' म्हणजे सुव्यवस्थेचा दाखला मिळतो. आयकर कायद्याच्या कलम ४६ ची मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर, ठरलेल्या मर्यादेत, ३५ टक्के कराची सवलत मिळते. ज्या मंडळांजवळ हे दाखले आहेत त्यांनी प्रत्येक विनंतीखाली एक ओळ लिहावी; ज्यांच्याजवळ नाहीत त्यांनी पुढचा सत्कार रद्द करून आधी ते मिळवावेत.

आता त्या पिशवीच्या फोटोविषयी. दानाच्या आठ पायऱ्या सांगताना रामबामने, देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसावा, अशा दानाला दुसरी पायरी दिली आहे. गुप्तदानाचे महत्त्व आपल्या वाडवडिलांना कोकणातही कोणी शिकवावे लागले नव्हते. त्या वृद्ध बाईच्या नातवाने तो फोटो पाहिला असेल, त्याच्या मित्रांनीही पाहिला असेल. पुढच्या सणाला ती मदत मागायला येईल काय? न आली तर मंडळ म्हणेल, गरजू उरले नाहीत. मदतीचा पुरावा हवा, हे खरे. पण तो आकड्यांनी द्यावा, माणसाच्या चेहऱ्याने नव्हे. चेहरा दाखवायचाच असेल तर तिची परवानगी घेऊन, तिच्याच शब्दांत, आणि पाच जणांच्या गराड्यात नाही.

हे सारे आपल्याला जमणार नाही असे कोणी म्हणू नये. १९६२ साली बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत वंशाच्या चौकशीच्या सूचना रब्बानी सत्तेने काढल्या. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे बायकामुलांसह जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. तेव्हा फेसबुक नव्हते, व्हॉट्सॲप नव्हते. पण मागणी एका वाक्यात सांगता येत होती आणि ती देशभर समजली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत असे जाहीर केले.

चिटणीसांना आम्ही जाता जाता एक मसुदा लिहून दिला, तो येथेही देतो. 'आपल्या गावातील काही वयस्क मंडळींना दर बुधवारी दवाखान्यात नेण्यासाठी मोटार हवी आहे. महिन्यातून एका बुधवारी दोन तास देऊ शकाल काय? देऊ शकत असाल तर या निरोपाला उत्तर द्या.' आणि महिन्याच्या अखेरीस दुसरा : 'इतक्या फेऱ्या झाल्या, पेट्रोलला इतके शेकेल लागले, दोन फेऱ्या चालकाअभावी चुकल्या.' यात फोटो एकही नाही. चिटणीसांनी कागद वाचला आणि विचारले, 'चुकलेल्या दोन फेऱ्याही लिहायच्या?'

होय, त्याही लिहायच्या. त्या दोन फेऱ्या वाचूनच एखादा तरुण मोटारीची किल्ली घेऊन उठेल, अशी आमची खात्री आहे.