रंग उमटला, पण निदान झाले का?

प्रतिपिंडे शिकवताना आपण वर्गात कुलूप-किल्लीची उपमा हमखास वापरतो. उपमा सोपी आहे आणि विद्यार्थ्यांच्या लक्षातही राहते. परंतु तिच्याच आधाराने होणाऱ्या लोकप्रिय लेखनात 'कर्करोग ओळखणारे प्रतिपिंड' असा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. तो कितपत बरोबर आहे, हे यकृताच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊन तपासू.

आधी पद्धत पाहू. यकृतातील गाठीचा सुईने काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात. कापावर सोडलेले प्रतिपिंड आपल्या प्रतिजनाला चिकटते आणि त्याला जोडलेल्या विकरामुळे त्या जागी तपकिरी रंग उमटतो. प्रतिपिंडाला चमकणारे रंगद्रव्य जोडण्याची कल्पना आल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली प्रत्यक्षात आणली. विकर जोडण्याची पद्धत १९६६ पासूनची. कोहलर व मिलस्टाईन यांच्या १९७५ मधील संशोधनामुळे एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी मिळू लागली. फॉर्मॅलिनमुळे प्रथिने एकमेकांत गुंततात व प्रतिजन झाकला जातो. तो उघडा करण्यासाठी काप द्रावणात तापवावे लागतात. त्यासाठी प्रयोगशाळांतून चक्क प्रेशर कुकरही वापरतात.

आता मुख्य मुद्दा. यकृतासाठी प्रसिद्ध असलेले 'हेप्पार-१' हे प्रतिपिंड १९९३ साली जाहीर झाले. ते नेमके कोणत्या प्रथिनाला चिकटते, हे मात्र २००८ साली उलगडले. हे प्रथिन म्हणजे युरिया चक्रातील पहिले विकर. उत्सर्जनाच्या पाठात भेटणाऱ्या या चक्रातील शेवटचे विकर म्हणजे आर्जिनेज-१. त्याचे प्रतिपिंडही २०१० पासून याच कामासाठी पुढे आले. अमोनियाचे युरियात रूपांतर हे यकृतपेशीचे खास काम. म्हणून ही विकरे दिसली की पेशी यकृताची असावी, असा तर्क करता येतो.

पण निरोगी यकृतपेशीसुद्धा हेच काम करते! म्हणजे हेप्पार-१ ने रंग दिला, तर 'ही पेशी यकृताच्या जातीची आहे' एवढेच कळते. ती कर्करोगाची आहे की नाही, हे कळत नाही. शिवाय युरिया चक्राचे पहिले विकर लहान आतड्याच्या पेशींतही असते आणि जठराचे काही कर्करोगही हेप्पार-१ ने रंगतात. उलट, यकृताच्याच कर्करोगातील पेशी फार बिघडल्या, तर त्या हे विकर बनवणे सोडून देतात व रंग उमटत नाही. किल्ली दुसऱ्या घरालाही लागते आणि कधी स्वतःच्या घराला लागत नाही, अशी ही अवस्था!

दुसरा प्रश्न, 'ही पेशी कर्करोगाची आहे का?' यासाठी ग्लायपिकन-३ उपयोगी पडते. हे प्रथिन गर्भाच्या यकृतात असते, प्रौढ निरोगी यकृतात सहसा नसते आणि कर्करोगात पुष्कळदा पुन्हा दिसू लागते. तरीही सौम्य दिसणाऱ्या कर्करोगात ते अनेकदा आढळत नाही आणि इतर अवयवांच्या काही गाठींत आढळते. म्हणून लहान, संशयास्पद गाठींसाठी ग्लायपिकन-३, उष्णताघात प्रथिन-७० आणि ग्लुटामिन सिंथेटेज असा तिघांचा संच सुचवला गेला; त्यांपैकी दोन उमटली तर कर्करोगाचा पुरावा बळकट होतो. त्याआधी साध्या रंगांनी रंगवलेला काप पाहून पेशींची रचना बिघडली आहे का, हे विकृतिशास्त्रज्ञाने ठरवलेले असावे लागते. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे, असा तुलनेचा कापही सोबत रंगवलेला हवा.

हा निव्वळ शब्दांचा कीस नव्हे. सिरोसिसच्या रुग्णात सीटी किंवा एमआरआय चित्र स्पष्ट असेल, तर तुकडा न काढताही निदान होते. तुकडा बहुधा काढतात तो चित्र संदिग्ध असतानाच; म्हणजे प्रतिपिंडांकडे अवघड प्रकरणेच येतात. यकृतातली गाठ तिथलीच असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो. आतड्यातून किंवा जठरातून पसरलेली असेल, तर मूळ जागा शोधावी लागते आणि औषधेही वेगळी. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी कर्करोगाच्या उपचारासाठी अनेकांना छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबातील रुग्णाला पुन्हा सुई, पुन्हा प्रवास आणि पुन्हा बुडालेली मजुरी परवडत नाही. पहिल्याच तुकड्यातून योग्य प्रश्नाचे उत्तर मिळणे त्याच्यासाठी मोलाचे असते.

म्हणून कुलूप-किल्लीची उपमा टाकून न देता तिच्यापुढे एक पाऊल टाकावे. फळ्यावर दोन प्रश्न लिहावेत: पेशी कुठली? ती बिघडलेली आहे का? मग विद्यार्थ्यांना विचारावे, की हेप्पार-१ उमटले व ग्लायपिकन-३ उमटले नाही, तर काय म्हणता येईल? पेशी बहुधा यकृताची आहे. कर्करोग आहे किंवा नाही, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही. हे उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःहून दिले, तर वर्तमानपत्रातील पुढची 'अचूक चाचणी' तो अधिक सावधपणे वाचेल.