‘शा नोआर’ : सजावट, उपहास आणि व्यवहार

पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी रोदोल्फ सालिस याने १८८१ मध्ये सुरू केलेले ‘शा नोआर’, म्हणजे ‘काळे मांजर’, हे मद्यगृह बोहेमियन कलाजीवनाचे प्रतीक मानले जाते. एमिल गुदो या कवीच्या मंडळातील तरुण कवी, गायक व चित्रकार तेथे जमू लागले. १८८२ मध्ये त्याच नावाचे नियतकालिकही निघाले. या इतिहासाचे विवेचन बहुधा तेथील मुक्त वातावरणाच्या गौरवापाशी थांबते. भडक सजावटीकडे मात्र मालकाची हौस म्हणून पाहिले जाते. वस्तुतः या संस्थेतील खरा पेच तिच्या सजावटीतच वाचावयास मिळतो.

१८८५ मध्ये हे मद्यगृह मोठ्या वास्तूत गेले. तेराव्या लुईच्या काळाची आठवण करून देणारे जडशीळ फर्निचर, जागोजागी मांजरांच्या आकृती, रंगीत काचा आणि फ्रेंच अकादमीच्या सदस्यांचा हिरवा पोशाख घातलेले वाढपी, असा तेथील थाट होता. प्रतिष्ठित साहित्यसंस्थेलाच तेथे पेले वाहावयास लावले होते! सालिस श्रीमंत गिऱ्हाइकांचे स्वागत राजेरजवाड्यांना शोभेलशा संबोधनांनी करी; त्यातील टोमणा उघड असे आणि गिऱ्हाइके तो ऐकण्यासाठीच येत. अदोल्फ विलेत याने तेथील काचचित्रात सोन्याच्या वासराची पूजा रंगविली. धनलोभावरील ही टीका आहे, हे खरेच. परंतु ती पाहण्यासाठी येणारा वर्ग धनिकच होता आणि त्याचा पैसा गल्ल्यातच जमा होत होता. उपहास अशा रीतीने विक्रीची वस्तू झाला. कलावंतांच्या मोबदल्याबाबत सालिसचा हात आखडता असे, ही त्याची ख्याती येथे विसरता येत नाही.

तथापि एवढ्यावरून सर्वच गोष्टी दिखाऊ ठरविणे अन्यायाचे होईल. वरच्या मजल्यावर १८८६ पासून आँरी रिव्हिएर याने उभारलेले छायानाट्य ही या वास्तूतील श्रेष्ठ निर्मिती होय. जस्ताच्या पत्र्यातून कापलेल्या आकृती पडद्यापासून कमीअधिक अंतरावर ठेवून काळ्यापासून करड्यापर्यंतच्या छटा साधल्या जात. रंगीत काचांमुळे आकाश पालटे. कारां दाश याने नेपोलियनच्या मोहिमा याच लहानशा पडद्यावर उभ्या केल्या. खाली अलंकारांची गर्दी आणि वर केवळ सावली! सजावटीला जे साधले नाही ते संयमाने साधले.

जुन्या जागेत आरिस्तीद ब्रुआँ याने आपले मद्यगृह थाटले आणि गिऱ्हाइकांना गौरवाऐवजी उघड शिव्या दिल्या. तोही धंदाच होता. मात्र त्यात झूल कमी होती.

स्तेनलेन याचे तेजोवलयांकित काळ्या मांजराचे भित्तिचित्र १८९६ मधले असून ते मंडळीच्या दौऱ्याच्या जाहिरातीसाठी काढलेले होते. १८९७ मध्ये सालिस वारला, मद्यगृह बंद पडले. जाहिरातीतले मांजर मात्र आजही पॅरिसच्या दुकानांतून विकले जाते.