इनडायरेक्ट करा

‘खालील वाक्ये इनडायरेक्ट करा’ ही आज्ञा आपल्या शाळांतून किती पिढ्यांनी पाळली असेल याचा हिशेब मांडणे कठीण आहे. अवतरणचिन्हे काढा, ‘दॅट’ घाला, ‘आय’चा ‘ही’ करा, ‘ॲम’चा ‘वॉज’ करा, ‘नाऊ’चा ‘देन’, ‘टुमारो’चा ‘द नेक्स्ट डे’. पाच पायऱ्या, पाच खुणा, पैकीच्या पैकी गुण. हेच गुण मिळवलेल्या मुलाला ‘मुख्याध्यापक काय म्हणाले ते इंग्रजीत सांग’ असे विचारावे, तर उत्तर येते, ‘सर सेड मी दॅट यू कम टुमारो.’ ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या कोणत्याही मराठी माध्यमाच्या वर्गात हा प्रयोग करून पाहता येईल. मूल बुद्धीने कमी नसते आणि शिक्षकही आळशी नसतात. आमची तक्रार आहे ती त्या स्वाध्यायाबद्दल.

विज्ञानाच्या मासिकात इंग्रजी व्याकरणाची ही उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. आम्हांला ती अगदी जागची वाटते. आपल्याला जे विज्ञान माहीत आहे त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक आपण स्वतः पाहिलेले नसते. कुणीतरी पाहिले, त्याने सांगितले, ते आपण पुढे सांगतो. दुसऱ्याचे म्हणणे, त्याची जबाबदारी त्याच्याकडेच ठेवून, अचूक पुढे पोचवणे हे प्रयोगवहीपासून शोधनिबंधापर्यंत रोजचे काम आहे. त्याचे शिक्षण शाळेत कुठे मिळत असेल तर ते याच धड्यात, आणि नेमका तोच धडा आपण यंत्रवत करून ठेवला आहे.

या यंत्राचे मूळ शोधायला फार लांब जायला नको. रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण आपल्याकडच्या शिक्षकांच्या टेबलावर गेली अनेक दशके आहे. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. पुढे १९२४ साली ‘बो जेस्त’ या कादंबरीने ते जगभर गाजले. माणूस गोष्टीवेल्हाळ, पण त्याच्या नावावर सर्वांत जास्त खपले ते व्याकरण! त्या पुस्तकावर उठसूट टीका करण्याची रीत आम्हांला पसंत नाही. नियम त्यात आहेत तसे अपवादही आहेत. विधान अजून लागू असेल तर मूळ काळ ठेवता येतो, पुष्कळदा निवड आपल्याच हाती असते, असे त्याच्या सुधारित आवृत्तीत सांगितलेले आहे. मार्गदर्शकांमध्ये आणि क्लासच्या चिठ्ठ्यांमध्ये उतरताना नियमांचा तक्ता शिल्लक राहिला आणि निवडीचे वाक्य गळून पडले. कारण उघड आहे. निवडीला गुण कसे द्यायचे? साठ मुलांच्या वर्गाचे पेपर तपासणाऱ्या शिक्षकाला एकच बरोबर उत्तर असलेला प्रश्न हवा असतो आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

तक्ता चुकीचा नाही, तो अर्धवट आहे. भौतिकशास्त्रातल्या संदर्भचौकटीची कल्पना इथे कामाला येते. प्रत्येक बोलण्याला एक मूळबिंदू असतो: कोण बोलतो, कुठे बोलतो, केव्हा बोलतो. ‘मी’, ‘इथे’, ‘उद्या’ हे शब्द त्या बिंदूपासून मोजलेले असतात. तेच बोलणे दुसऱ्याने सांगितले, की मूळबिंदू सरकतो आणि मापे नव्याने घ्यावी लागतात. किती सरकला तेवढीच मापे बदलतात. समजा, मंगळवारी सकाळी ठाण्याच्या फलाटावर एक मैत्रीण म्हणाली, ‘मी उद्या इथे थांबेन.’ पंधरा किलोमीटरवरच्या डोंबिवलीत त्याच दुपारी हा निरोप सांगताना ‘मी’ बदलेल, ‘इथे’ बदलेल, पण ‘उद्या’ ‘टुमारो’च राहील, कारण बुधवार अजून उजाडायचा आहे. तक्त्याप्रमाणे ‘द नेक्स्ट डे’ म्हटले तर वाक्य व्याकरणात बसते, पण ऐकणाऱ्याला ती गोष्ट होऊन गेल्यासारखी वाटते. त्याच फलाटावर उभे राहून सांगितले तर ‘हिअर’सुद्धा ‘हिअर’च राहते. गुरुवारी सांगितले तर मात्र तिन्ही बदलतात. आता स्वाध्यायातले वाक्य पाहा: ‘ही सेड, आय शॅल कम हिअर टुमारो.’ हे कुणी, कुणाला, कुठे, केव्हा सांगायचे आहे? काहीच दिलेले नाही. दोनपैकी एकच चौकट देऊन रूपांतर करा म्हणणे म्हणजे गाडीचा वेग विचारताना तो कशाच्या सापेक्ष ते न सांगण्यासारखे आहे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. हा स्वाध्याय शिकणाऱ्याची भाषा कोणती याचा विचारच करत नाही. मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगण्याच्या सोयी इंग्रजीहून कमी नाहीत, उलट जास्तच आहेत. ‘तो म्हणाला की मी येतो’ असे आपण सर्रास म्हणतो. त्यातला ‘मी’ म्हणजे तो, हे ऐकणाऱ्याला कळते आणि काळ मागे नेण्याची गरज कुणालाच भासत नाही. ‘आपण निर्दोष आहोत असे त्याने सांगितले’ यातला ‘आपण’ तर खास याच कामाचा आहे. ‘राम टोल्ड श्याम दॅट ही वॉज राँग’ या वाक्यात चूक कोणाची ते इंग्रजी सांगू शकत नाही. मराठीत ‘आपले चुकले, असे रामने श्यामला सांगितले’ म्हटले की वाद मिटतो. वर्तमानपत्री मराठीने ‘येणार असल्याचे सांगितले’ हा आणखी एक मार्ग पाडला आहे, थोडा सरकारी, पण उपयोगी. आणि या सगळ्यांवर कडी करणारा ‘म्हणे’. ‘गाड्या बंद आहेत म्हणे.’ एका शब्दात आपण सांगतो की हे ऐकीव आहे, मी पाहिलेले नाही, जबाबदारी माझी नाही. इंग्रजीला त्यासाठी अख्खे उपवाक्य लागते.

‘येतो म्हणून म्हणाला’ यातला ‘म्हणून’ तर आपण दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांशी वाटून घेतला आहे. भिवंडीच्या मागांवर आलेल्या तेलुगू कुटुंबांतल्या मुलांच्या घरी ‘अनि’ हा शब्द हेच काम करतो, आणि त्याचाही मूळ अर्थ ‘म्हणून’ असाच आहे. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे मांडले. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शेजाराने एकसारख्या वळणाच्या कशा होतात, याचा हा ‘म्हणून’ चांगला नमुना आहे. विषयांतर झाले, पण ज्या वर्गात मराठी, तेलुगू, हिंदी अशी घरे एकत्र बसतात तिथे पाच मिनिटे हे विषयांतर करण्यासारखे आहे.

तर मूल ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ म्हणते तेव्हा ते बेशिस्त वागत नसते, मराठीचा नियम इंग्रजीत पाळत असते. ‘सेड मी’ हेही तसेच. ‘म्हणणे’ आणि ‘सांगणे’ हे दोन शब्द ‘से’ आणि ‘टेल’ यांच्या बऱ्यापैकी जवळ आहेत, परंतु ‘तो मला म्हणाला’ हे मराठीत शुद्ध आहे, म्हणून ‘से’लाही ‘मी’ चिकटतो. ‘तू कुठे राहतोस, असे त्याने विचारले’ यात प्रश्न जसाच्या तसा राहतो, म्हणून ‘ही आस्क्ड मी व्हेअर डू यू लिव्ह’.

स्पॅनिश मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. परदेशी प्रकाशकांची जी स्वाध्यायपुस्तके इंग्रजी संभाषणाच्या वर्गांतून दिसतात, ती बहुधा सर्व देशांच्या विद्यार्थ्यांना एकच मानून लिहिलेली असतात. स्पॅनिशमध्ये ‘मला भूक लागली आहे’ याला ‘तेंगो आंब्रे’ म्हणतात, आणि ‘तो म्हणाला की’ लावले की ‘तेंगो’चा ‘तेनिआ’ होतो. म्हणजे पुरुषही बदलला आणि काळही मागे गेला, थेट इंग्रजीसारखा. आपल्या मुलांना जो भाग महिनाभर छळतो तो त्यांना जन्मतः येतो. उलट ‘त्याने मला यायला सांगितले’ हे मराठी वाक्य ‘ही टोल्ड मी टु कम’वर शब्दाला शब्द बसते, आज्ञार्थाचे इनडायरेक्ट आपल्या मुलांना जवळजवळ फुकट मिळायला हवे. स्पॅनिश विद्यार्थी तिथेच अडखळतो, कारण त्याच्या भाषेत ‘मे दिहो के विनिएरा’, म्हणजे ‘त्याने मला सांगितले की मी यावे’ अशी रचना आहे; म्हणून तो ‘ही टोल्ड मी दॅट आय कम’ म्हणतो. ‘सेड मी’ ही चूक मात्र दोघांची सारखी, कारण त्यांच्याकडे ‘से’ आणि ‘टेल’ दोन्हींना मिळून ‘देसिर’ हे एकच क्रियापद आहे. चूक एक, कारणे दोन, मग उपचारही दोन हवेत. आपल्याकडे मात्र उपचार एकच, आणि तोही ना त्यांच्यासाठी बेतलेला, ना आपल्यासाठी. आज्ञार्थाचा सोपा भाग सर्वांत शेवटी शिकवतात आणि काळाच्या तक्त्याने सुरुवात करतात. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले, तरी हा क्रम फारसा हललेला दिसत नाही.

आता तो प्रसिद्ध अपवाद. विधान त्रिकालाबाधित सत्य असेल तर काळ बदलू नये, असे मुले पाठ करतात, आणि उदाहरण ठरलेले: पृथ्वी सूर्याभोवती फिरते. व्याकरणाच्या तासाला मुलाच्या हाती केवढा अधिकार दिला आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही! एखादे विधान सत्य आहे की नाही ते त्याने ठरवायचे आहे. टॉलेमीचे म्हणणे सांगायचे झाले तर ‘सूर्य पृथ्वीभोवती फिरतो’ यातला काळ मागे न्यायचा, कोपर्निकसचे सांगायचे झाले तर जागेवर ठेवायचा. इंग्रजीत काळ मागे नेला तर सांगणारा साधारणपणे अलिप्त राहतो. वर्तमान ठेवला तर तो स्वतःही मान डोलावतो. ‘अवर टीचर टोल्ड अस दॅट देअर आर नाइन प्लॅनेट्स’ हे २००५ साली निर्धास्तपणे लिहिता आले असते. २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली, प्लूटो बाहेर गेला, आणि त्या वाक्यातल्या ‘आर’चा ‘वेअर’ करणे भाग पडले. शिक्षक खोटे बोलले नव्हते, तरीही. वर्गात चर्चेला याहून चांगले वाक्य मिळणे कठीण.

‘म्हणे’ आणि ‘आहे’ यांच्यातले अंतर एकाच दिवसात कसे मिटते हे २१ सप्टेंबर १९९५ रोजी साऱ्या देशाने पाहिले. सकाळी ‘गणपती दूध पितो म्हणे’ होते, दुपारपर्यंत ‘गणपती दूध पितो’ झाले आणि देवळांपुढे रांगा लागल्या. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध मूर्तीच्या ओल्या पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते, हे वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून दाखवले. ते स्पष्टीकरण आपण अनेकदा छापले आहे. परंतु ‘म्हणे’ नेमका कोणत्या तोंडात गळाला, हा प्रश्न भाषेच्या शिक्षकाचा होता आणि तो कुणी विचारला नाही. तसाच प्रकार क्रियापदांचा. २३ मार्च १९८९ रोजी पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी पत्रकार परिषदेत शीत संमीलन साधल्याचे जाहीर केले. ‘साधले’, ‘साधल्याचे सांगितले’ आणि ‘साधल्याचा दावा केला’ या तीन मथळ्यांतला फरक पुढच्या काही महिन्यांत जगाला कळला. आपल्या स्वाध्यायात मात्र ‘सेड’ सोडून फारतर ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’ येते, आणि तेही ‘हुर्रे’ दिसल्यावरच.

मग करावे काय? आम्ही तक्ता जाळा म्हणत नाही. तो शेवटी द्यावा. आधी निरोप द्यावेत. वर्गाचे दोन भाग करावेत. एका गटाने प्रयोगशाळेत थाळीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करून तिच्यावर पेला पालथा घालावा. दुसरा गट बाहेर. आतून एकाने येऊन काय दिसले ते मराठीत सांगावे, बाहेरच्याने ते इंग्रजीत लिहावे: कुणी पाहिले, कुणी सांगितले, कुणाला वाटले. पाणी चढले, हे पाहिलेले. ‘ऑक्सिजन संपला म्हणून चढले’ हे पुस्तकाने म्हटलेले, आणि अनेक पुस्तकांनी म्हटले असले तरी चुकीचे. ऑक्सिजन सगळा संपत नाही, खर्चलेल्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. पाणी चढते ते मुख्यतः तापलेली हवा ज्योत विझल्यावर निवून आकुंचन पावते म्हणून. तीन मेणबत्त्या लावल्या तर ते अधिक चढते, वास्तविक पेल्यातला ऑक्सिजन तेवढाच असतो. हे दिसल्यावर पुस्तकाचे वाक्य लिहिताना ‘सेज’ लिहायचे, ‘सेड’ लिहायचे, की ‘क्लेम्ड’, यावर मुले भांडतील. त्या भांडणात शिक्षकाने लगेच पडू नये. एक तास जाईल, आणि त्या तासाला गुण देण्याची सोय नाही. दुसऱ्या दिवशी हेच वाक्य, पुस्तक समोर उघडे ठेवून आणि मग मिटून, असे दोनदा लिहायला द्यावे आणि कोणत्या मुलाने काय बदलले ते फळ्यावर मांडावे.