मूठ आणि चेहरा

रॉबर्ट मेपलथॉर्प या अमेरिकी छायाचित्रकाराची १९८८ सालची आत्मप्रतिमा प्रसिद्ध आहे. पार्श्वभूमी काळी, अंगात बंद गळ्याचा काळा स्वेटर, पुढे आलेल्या उजव्या हातात काठी आणि काठीच्या मुठीवर लहानशी कवटी. त्याला एड्सचे निदान १९८६ मध्ये झाले होते. ९ मार्च १९८९ रोजी, वयाच्या ४२व्या वर्षी तो गेला. त्यामुळे कवटी म्हणजे मृत्यू, एवढे म्हणून बहुतेक विवेचने थांबतात. माझ्या मते या चित्राचा अर्थ कवटीत कमी आणि प्रकाशयोजनेत जास्त आहे.

स्टुडिओतला साधा नियम असा, की काळ्या कपड्यातला माणूस काळ्या पडद्यासमोर बसवला तर मागून किंवा बाजूने एक दिवा देऊन खांद्यांची कड उजळायची. नाहीतर देह पडद्यात विरघळतो. इथे तो विरघळू दिला आहे. प्रकाश परत पाठवते ती फक्त त्वचा. उरतात दोनच बेटे: चेहरा आणि हात. मधला देह आपण केवळ गृहीत धरतो.

दुसरा नियमभंग अधिक गंभीर आहे. व्यक्तिचित्रात डोळे रेखीव हवेत, हे नवशिक्यालाही शिकवतात. इथे रेखीव आहेत ती बोटे आणि कवटी. चेहरा किंचित धूसर आहे. प्रकाश अपुरा होता, ही सबब बाहेर चालते, स्टुडिओत नाही. तिथे दिवे वाढवून, भिंगाचे छिद्र लहान करून मूठ आणि चेहरा दोन्ही स्पष्ट करता येतात. ते केलेले नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसलेल्याला भिंगातून पाहता येत नाही. मग धूसरपणा योगायोगाचा नसेल कशावरून? असेलही. पण छायाचित्रकाराचे काम बटण दाबल्यावर संपत नाही. कोणती प्रतिमा ठेवायची, कोणती छापून जगासमोर आणायची, हा निर्णयही कर्तृत्वाचाच भाग असतो. त्याने हीच ठेवली.

वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. छापील प्रतिमेतली कवटी अंगठ्याने झाका. चित्र कोसळत नाही. घट्ट आवळलेली बोटे तशीच राहतात आणि मागचा चेहरा तसाच दूर सरकत राहतो. उलट मला कवटी थोडी बोलघेवडीच वाटते. युरोपीय चित्रपरंपरेत शतकानुशतके वापरलेले ते चिन्ह आपल्याला अर्थ आयता देते आणि पाहण्याचे कष्ट वाचवते.

ते कष्ट घेतले तर चित्रातला माणूस केवळ मरणाची खूण राहत नाही. निदान झालेल्या माणसाकडे लोक आजार म्हणूनच पाहू लागतात. इथे त्याने आपले रूप मागे ठेवले आहे आणि आपली पकड पुढे. जे सुटत चालले आहे ते धूसर, जे अजून हातात आहे ते स्वच्छ.